शून्याचं टोक

टेपचं शून्याचं टोक धरायला कुणीतरी लागतं.
ढमढेरे वाहतूक वळवत होते,
फोटोवाला अजून औंधातून निघतच होता,
म्हणून कठड्याशी उभ्या पोराला म्हटलं,
ये रे, इथे अंगठा दाब. हलायचं नाही.
त्याने दाबला.

सूस खिंडीचा उतार, पहाटेचे पाच पन्नास.
डांबरावर दोन काळे पट्टे.
डावा बावीस ऐंशी, उजवा तेवीसला टेकलेला.
तेवीस धरले.

मग जीपमधून टायरचा तुकडा काढला,
पोटात सिमेंट ओतलेला, चौदा किलोचा.
ताणकाटा लावून तीनदा ओढला.
काटा तिन्ही वेळा दहाच्या जरा अलीकडे,
म्हणजे शून्य दशांश सात.
उतार शेकडा चार, तो वजा.
रस्त्याने गाडीला किती घट्ट धरलं होतं,
त्याचा हा आकडा.
रस्त्याने धरलं होतं, एवढं मी शपथेवर सांगीन.

दोनशे चोपन्न गुणिले पॉइंट सहासष्ट
गुणिले तेवीस. वर्गमूळ.
बासष्ट.

संदेश भालसिंग, रात्रीचं सातवं भाडं,
मागच्या सीटवर लोहगावचं सव्वासहाचं विमान.
आता दुभाजकावर बसून एकच वाक्य:
"मॅडम, चाळीसच्या वर नव्हतोच मी."
खोटं बोलत नव्हता.
रिकाम्या उतारावर बासष्ट हे चाळीसच वाटतात,
मलाही वाटतात, घरी जाताना.

सायकल एकोणिसाव्या मीटरला.
तिथे काच, डब्याचं झाकण,
शिट्टीची निळी दोरी, शिट्टी नाही.
पुढे पट्टे उरले चार मीटर.
चार मीटरांचा वेग काढला, सव्वीस.
सव्वीसने कुठे माणूस मरतो, म्हणतात लोक.
दुभाजकाच्या कोपऱ्याला आकडे कळत नाहीत.

पण मला दरवेळी अडतं ते अलीकडे,
पट्टे सुरू व्हायच्या आधी.
तिथे नुसता रस्ता आहे, धुतल्यासारखा.
डोळ्याला दिसलं, डोक्यात शिरलं, पाय ब्रेकवर आला,
दीड सेकंद.
त्या दीड सेकंदात गाडी सव्वीस मीटर गेली
आणि डांबरावर ओरखडासुद्धा नाही.
सगळं तिथेच झालेलं असतं.
पंचनाम्यात त्याला रकाना नाही.

टेप गुंडाळायला लागले.
पोरगं टोक सोडायचं विसरलं,
टेपबरोबर चालत माझ्याकडे आलं,
काळ्या पट्ट्यावर पाय पडू न देता.
एकोणिसाव्या मीटरला थोडं रेंगाळलं,
टेप ताणली गेली, मी हँडल धरून उभी.

"हे आम्हाला आहे," म्हणालं जवळ येऊन.
काय आहे?
"व्ही वर्ग बरोबर यू वर्ग अधिक दोन ए एस.
नववीला. पहिलाच धडा."
मग माझ्या वहीत बघत,
"चाळीस असता तर?"

मला आवडतात असे प्रश्न. कुणी विचारत नाही.
उत्साहाने मांडून दाखवलं, पान मांडीवर ठेवून:
न दिसणारे पावणेसतरा, काळे साडेनऊ,
मिळून सव्वीस आणि वर थोडं.
त्याला सायकल दिसली पंचेचाळीस मीटरवरून.
वजा कर बघू.
त्याने तोंडीच केलं.
"एकोणीस. जवळजवळ."
बरोबर. एकोणीस मीटर आधीच थांबला असता,
शाबास, म्हणाले मी.
शाबास म्हणाले.

साक्षीदाराच्या रकान्यासाठी नाव विचारलं.
"अथांग खुडे. सुतारवाडी."
वरच्याच ओळीत, माझ्याच अक्षरात, तासाभरापूर्वीचं:
मयत यशवंत खुडे, वय एकसष्ट,
सुरक्षारक्षक, ड्युटी संपवून घरी जात असता.
"आजोबा," तो म्हणाला, मी न विचारता.
"आई ससूनला गेली. मला म्हणाली इथेच थांब,
सायकल कुणी नेईल."

ढमढेरेंनी तिकडून एक लेन मोकळी केली.
पहिली पीएमटी पट्ट्यांवरून उतरून गेली.
वही मिटली, पेनाला टोपण लावलं,
पुन्हा काढलं.
टेपचं टोक अजून त्याच्याच हातात होतं,
आणि मला ते माग म्हणून मागता येईना.